बादलीभर पाणी दोन मिनिटांत मुरलं, मग चाचणी कशाला?

प्रश्न : काका, नमस्कार. तुमचं सदर सासूबाई मला मोठ्याने वाचून दाखवायला लावतात, म्हणून धीर करून लिहिते आहे. संगमेश्वर तालुक्यात सासऱ्यांच्या आगरात आम्ही घर बांधतोय. काम चौथऱ्यापर्यंत आलंय. संडासाची टाकी आणि शोषखड्डा घराच्या मागे धरलाय. विहीर तिथून ४० फुटांवर, उताराच्या बाजूला. जमीन जांभ्याची. पश्चिमेला माडाची आळी आहेत, तिथे बरीच माती आहे आणि उतार पऱ्याकडे (ओढ्याकडे) जातो. पऱ्या दीडशे पावलं लांब. मी गवंड्यांना म्हटलं, पाणी किती मुरतं ते आधी तपासू या. त्यांनी खड्ड्यात एक बादली ओतून दाखवली. दोन मिनिटांत पाणी गायब. ‘वहिनी, आता आणि कसली चाचणी?’ म्हणाले. घरात सगळ्यांना पटलं. मला एकटीलाच विहिरीची धास्ती वाटते. आम्ही सहा माणसं, त्यात दोन मुलं लहान. विहिरीचं पाणी गाळून तसंच पितो. चाचणी नेमकी कशी करायची आणि खड्डा आहे तिथेच घेतला तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, देवरुखजवळून

उत्तर : ताई, खड्डा त्या जागी घेऊ नका. बाकीचं सविस्तर सांगतोच, पण मागचं खोदकाम आज-उद्या पुढे सरकणार असेल तर तेवढं आधी थांबवा. तुमची धास्ती रास्त आहे.

गवंड्यांच्या दृष्टीने शोषखड्डा म्हणजे पाणी नाहीसं करायची जागा, आणि पाणी तर त्यांनी नाहीसं करून दाखवलं. पण ते गेलं कुठे? जांभा वरून टणक दिसला तरी आतून भोकाभोकांचा असतो. अंगणात चिऱ्यांची रास पडलेली असेल, त्यातला एक ताजा तुटलेला चिरा उलटा करून बघा. वेड्यावाकड्या नळ्यांसारखी छिद्रं दिसतील, काहींत करंगळीचं टोक जाईल. पाणी त्या नळ्यांतून आणि खडकाच्या फटींतून धावतं. खाली बऱ्याच ठिकाणी पांढरट-पिवळसर चिकण थर लागतो, काही भागांत त्याला शेडी म्हणतात. त्यातून पाणी सहजी उतरत नाही. मग ते त्या थरावर टेकतं आणि उताराच्या दिशेने आडवं चालू लागतं. कोकणातल्या कितीतरी विहिरींचे झरे असेच आलेले असतात. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत तुमची विहीर भराभर चढत असेल, तर तीही बहुधा त्याच वाटेवर आहे. वरच्या अंगाला खड्डा घेतलात तर संडासाचं पाणीही तीच वाट धरील.

टाकीतून बाहेर पडतं ते पाणी शुद्ध झालेलं असतं, असा समज मला घरोघरी भेटतो. तो मनातून काढून टाका. टाकीत गाळ खाली बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं गढूळ पाणी बाहेर जातं. त्यात कावीळ, टायफॉइड, जुलाब यांचे जंतू असू शकतात. त्यांना अडवायचं काम माती करते, आणि तेही पाणी तिच्या कणाकणांतून सावकाश झिरपलं तरच. दोन मिनिटांत बादली गिळणाऱ्या फटीला ते काम कधीच जमणार नाही. म्हणून पाणी फार हळू मुरणं जसं वाईट, तसं फार झटकन मुरणंही वाईट. गवंड्यांना ही दुसरी बाजू कुणी सांगितलेलीच नसते.

आता चाचणी. ही पद्धत शंभरेक वर्षांपूर्वीची. १९२० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात हेन्री रायन नावाच्या अभियंत्याने ती बसवली. फूटभर चौरस खड्डा घ्यायचा, माती भिजवून घ्यायची आणि पाणी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. आपल्याकडे संडासाच्या टाक्यांसाठीच्या भारतीय मानक २४७० च्या दुसऱ्या भागात (१९८५) हीच पद्धत आहे. त्यातले २५ मिलिमीटर म्हणजे रायनचा तोच इंच.

पश्चिमेच्या माडांजवळ, विहिरीपासून शक्य तितकं लांब, तीन जागा धरा. एका खड्ड्यावर भरवसा नको. मुळाच्या पोकळीत किंवा उंदराच्या बिळात खड्डा निघाला तर आकडा साफ फसवा येतो. जिथवर पाणी मुरवायचं त्या खोलीपर्यंत आधी उतरण्यापुरता मोठा खड्डा घ्या आणि त्याच्या तळाशी पहारीने वीतभर रुंद, दीड फूट खोल असा लहान खड्डा काढा. पहारीने आणि फावड्याने त्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्या विळ्याच्या टोकाने खरवडून खडबडीत करा, नाहीतर चांगली मातीसुद्धा पाणी पिणार नाही. सुटी माती हाताने काढून टाका. तळाला दोन इंच धुतलेली बारीक खडी पसरा, म्हणजे पाणी ओतताना तळ ढवळणार नाही.

यानंतरची पायरी लोक टाळतात आणि तिथेच चाचणी बाद होते. खडीच्या वर फूटभर पाणी भरा आणि निदान चार तास, जमलं तर रात्रभर, ते कमी होईल तसतसं भरत राहा. कोरडी माती पहिलं पाणी तहानेने पिते. आपल्याला तहान मोजायची नाही. घर उभं राहिल्यावर ती माती बारा महिने ओलीच असणार. तेव्हा ती रोज किती घेईल ते आपल्याला हवंय. तुमच्या गवंड्यांची बादली कोरड्या जमिनीवर ओतलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यावर आडवी रीप टाका आणि मुलांची शाळेतली पट्टी तिला उभी बांधून पाण्यात सोडा. पाणी खडीच्या वर बरोबर १५ सेंटीमीटर ठेवा. घड्याळ लावून अर्धा तास थांबा आणि पाणी किती उतरलं ते लिहा. मी हे काम कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात खड्ड्यावर वाकून बसलं की खडीतून बारीक बुडबुडे एकेक करून वर येताना दिसतात, आणि भिंतीवर पाण्याच्या रेषेच्या वर ओल्या मातीचा गडद पट्टा हळूहळू रुंद होत जातो. तो पट्टा चारी बाजूंनी सारखा उतरला तर खूण चांगली. एकाच कोपऱ्यात भोवरा धरून पाणी खाली चाललं असेल, तर तिथे फट आहे; ती जागा सोडा.

रात्रभरात सगळं पाणी संपलेलं आढळलं, तर १५ सेंटीमीटर पाणी पुन्हा भरून दर अर्ध्या तासाने मोजा, असं चार तास करा आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरा. अर्ध्या तासाच्या आतच सगळं संपत असेल, तर दहा-दहा मिनिटांनी एक तास मोजा आणि शेवटच्या दहा मिनिटांचा आकडा घ्या.

समजा, माडांजवळ अर्ध्या तासात ४ सेंटीमीटर उतरलं. म्हणजे २५ मिलिमीटरला पावणेएकोणीस मिनिटं. मानक म्हणतं, ३० मिनिटांपर्यंत शोषखड्डा किंवा मुरवण्याचा चर दोन्ही चालतात. ३० ते ६० मध्ये चरच घ्यावा. ६० च्या पुढे या दोन्हींचा नाद सोडून वेगळी गाळणी करावी. आता खड्डा केवढा, तो हिशेब. २०४ ला त्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागा. पावणेएकोणीसचं वर्गमूळ ४.३३, भागाकार ४७. तेवढे लिटर एक चौरस मीटर माती रोज घेईल. संडासाचं पाणी माणशी ४० लिटर धरलं तर सहाजणांचं २४० लिटर, म्हणजे पाच चौरस मीटरहून थोडं जास्त. शोषखड्ड्यात तळ धरत नाहीत, टाकीतून येणाऱ्या पाइपाच्या खालच्या फक्त भिंती धरतात, कारण तळ गाळाने लवकर बुजतो. चार फुटी म्हणजे १.२ मीटर व्यासाच्या खड्ड्याची भिंत एक मीटर खोलीला पावणेचार चौरस मीटरच्या थोडी वर भरते. तेव्हा पाइपाच्या खाली साधारण १.४ मीटर खोली पुरेल. न्हाणीघर आणि मोरीही याच खड्ड्याला जोडलीत तर माणशी १०० लिटर धरावे लागतील आणि खोली जवळजवळ साडेतीन मीटर होईल. एवढं खोल जाऊ नका. न्हाणीचं पाणी वेगळं काढून केळींना द्या.

हाच हिशेब घरामागच्या जांभ्यात मांडून बघा. दहा मिनिटांत १० सेंटीमीटर उतरलं, तर इंचाला अडीच मिनिटं. २०४ भागिले १.५८ म्हणजे १२९ लिटर. कागदावर लहानसा खड्डाही पुरेसा ठरतो, जागा उत्तम उत्तीर्ण! पण ही चाचणी पाणी किती वेगाने मुरतं एवढंच सांगते. ते कुठे जातं, हे तिला विचारून उपयोग नाही. ते अंतरावरून आणि उतारावरून आपण ठरवायचं. मानकात पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे ६० फूट, आणि राहत्या घरापासून ६ मीटर सांगितलेत. तुमचे ४० फूट तिथेच नापास. आणि फटींच्या जांभ्यात, विहिरीच्या वरच्या अंगाला, मी ६० फुटांवरही निर्धास्त झोपणार नाही.

माडांजवळच्या जागेसाठी आणखी दोन गोष्टी बघा. पऱ्याच्या बाजूला शेजाऱ्यांची विहीर आहे का ते त्यांच्या घरी जाऊन विचारा. आणि ऑगस्टमध्ये, पाऊस लागून राहिलेला असताना, तिथे शोषखड्ड्याच्या ठरलेल्या तळाखाली आणखी सहा-सात फूट जाईल एवढा खड्डा घेऊन तळाला पाणी साचतंय का ते पाहा. शोषखड्ड्याच्या तळाखाली पावसाळ्यातसुद्धा दोन मीटर कोरडी जमीन राहायला हवी. तेवढी मिळत नसेल तर उथळ चर घ्या : दोन-अडीच फूट खोल, खडीत भोकं पाडलेला पाइप, वर माती. झाडांच्या मुळांजवळची वरची माती जंतू अडवायला सगळ्यात चांगली. चरासाठी विहिरीपासून लांबवर जागाच नसेल आणि खड्डा जांभ्यातच घ्यावा लागला, तर चिऱ्याच्या भिंतीबाहेर चारी बाजूंनी दीड फूट जाड बारीक वाळू भरून तळ काँक्रीटने बंद करायचा, हा दोन खड्ड्यांच्या संडासासाठी सांगितलेला उपाय इथेही उपयोगी पडतो. वाळू बारीकच हवी. खाडीची खारी वाळू बांधकामावर आली असेल तर ती नको.

आणि ताई, खड्डा कुठेही गेला तरी विहिरीचं पाणी गाळून पुरत नाही. कापड गाळ धरतं, जंतू धरत नाही. मुलांसाठी उकळा, पावसाळ्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून वर्षातून दोनदा नमुना तपासायला पाठवा. गवंड्यांशी भांडण नको. पट्टी-घड्याळ घेऊन त्यांनाच खड्ड्याजवळ बसवा. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस पुढच्या दहा घरांना तो सांगतो.

प्रश्न : साहेब, रानात वस्तीवर घर बांधून दोन वर्षं झाली. जमीन काळी, भारी. मे महिन्यात आठ फूट शोषखड्डा खांदला, चार ड्रम पाणी ओतलं, सगळं मुरलं. आता पावसाळा लागला की संडास तुंबतो आणि खड्ड्यावरच्या फरशीच्या कडेनं घाण पाणी अंगणात येतं. दिवाळीनंतर परत ठीक. खड्डा रुंद करू का?
— एक शेतकरी, बार्शी भागातून

उत्तर : दादा, रुंद करून पैसे घालवू नका. तुमची अडचण मी माझ्या घरात भोगलीये, म्हणून ठामपणे सांगतो.

१९९४ च्या मे महिन्यात माझ्या थोरल्या भावाने गावाकडे काळ्या रानात घर बांधलं. मी नोकरीत नवा होतो. खड्ड्यात पाणी ओतलं, भेगा पायाचा पंजा आत जाईल एवढ्या पडलेल्या. पाणी त्यांत घळघळत गेलं आणि मी ‘जागा चांगली आहे’ म्हणून मान डोलावली. जुलैत अंगणात घाण पाणी आलं. वहिनी रोज पहाटे राख टाकून पाऊलवाट करायची, मुलांना कडेवर घेऊन बाहेर न्यायची. दोन पावसाळे तिने एक शब्द मला बोलून दाखवला नाही. त्याची बोच अजून आहे.

ऑक्टोबरात मी रीतसर चाचणी घेतली. रात्रभर भिजवलेल्या काळ्या मातीत अर्ध्या तासात पाणी ४ मिलिमीटर उतरलं. इंचाला तीन तासांहून जास्त! काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि तिच्या सगळ्या भेगा मिटतात. मे महिन्यात पाणी मातीत मुरलंच नव्हतं, ते भेगांत साठलं होतं.

मग आम्ही खाली गेलो. नऊ फुटांवर पिवळा मुरूम लागला. मुरमात खड्डा भिजवून मोजलं तर अर्ध्या तासात ५ सेंटीमीटर, म्हणजे इंचाला पंधरा मिनिटं. नवा खड्डा नऊ ते चौदा फुटांच्या मधल्या मुरमाचाच हिशेब धरून घेतला. वरच्या नऊ फुटांत पक्की बंद भिंत, खाली सांधे मोकळे ठेवलेली दगडी भिंत आणि तिच्यामागे तीन इंच खडी. ते घर अजून त्याच खड्ड्यावर आहे.

तुमच्या आठ फुटांखाली मुरूम किती लांब आहे, ते जवळच्या विहिरीच्या उघड्या कडेवर दिसेल. वरची काळी कुठे संपते ते दोरीने मोजा. त्याच विहिरीचं श्रावणातलं पाणी किती फुटांवर असतं तेही लिहून ठेवा. मुरूम पंधरा फुटांच्या आत आणि पाणी त्याच्या बरंच खाली असेल तर आमच्यासारखा खड्डा करा, अर्थात विहिरीपासून ६० फूट सोडून. विहीर श्रावणात काठोकाठ भरत असेल, तर खोल खड्डा तिथे विषासारखा. मग टाकीनंतर खडीची उलटी गाळणी बांधावी लागते, म्हणजे पाणी खालून आत घेऊन खडीतून वर चढवायचं. आणि पुढची चाचणी दिवाळीच्या आधी घ्या. मे महिन्यात काळं रान खोटं बोलतं.

प्रश्न : नाशिकच्या हद्दीबाहेर प्लॉटवर बंगला बांधतोय. कंत्राटदार म्हणतो, टाकीला तळच करू नका, पाणी आपोआप मुरेल आणि शोषखड्ड्याचा खर्च वाचेल. माती परीक्षणाचीही गरज नाही म्हणतो. बरोबर आहे का?
— एक वाचक

उत्तर : नाही. तळ नसलेली टाकी म्हणजे मैला सरळ जमिनीत सोडणं. टाकी पाणी न गळणारीच हवी. तळ, भिंती, सांधे सगळं पक्कं. बांधून झाल्यावर ती पाण्याने भरा, एक दिवस ठेवा आणि पातळी उतरते का ते बघा. दहा माणसांसाठी आतून दोन मीटर लांब, ९० सेंटीमीटर रुंद आणि दोन वर्षांनी उपसायची असेल तर १.४ मीटर पाण्याची खोली, असं मानकातलं माप आहे. कंत्राटदाराने याहून लहान सुचवली तर ऐकू नका. वरच्या पहिल्या उत्तरातली चाचणी तुमच्याकडेही तशीच करायची.

गाळ उपसायला माणूस आत उतरवू नका. आतल्या वायूने क्षणात शुद्ध जाते, आणि वाचवायला उतरलेलाही वर येत नाही. २०१३ च्या कायद्याने हे काम माणसाकडून असं करून घेणं गुन्हा आहे. उपसा खेचणाऱ्या टँकरनेच व्हायला हवा. तुमच्या पाठवलेल्या नकाशात टाकी मागे, घर आणि कुंपण यांच्यामधल्या चार फुटांत दाखवलीये. तिथे गाडी पोचणार नाही. टाकी फाटकाच्या बाजूला घ्या आणि झाकण मातीखाली गाडू नका.